महायुद्धानंतरच्या ब्रिटनमधले स्थानिक डान्स बँड आणि बॉलरूमच्या रात्री प्रत्यक्षात कशा असत?

आपण विचारले आहे की, १९५०-६०च्या सुमाराला ब्रिटनमधल्या गावोगावच्या डान्स बँडच्या आणि बॉलरूममधल्या रात्रींच्या आठवणी कुणा मराठी माणसाकडे आहेत का, आणि त्यातले आज तिथे काही उरले आहे का. १९५९ साली मी कापड-तंत्रज्ञान शिकण्यासाठी मुंबईहून मँचेस्टरला गेलो आणि शिक्षण संपल्यावर काही वर्षे लँकेशायरमध्येच नोकरी केली. मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो ते गृहस्थ दिवसा एका कारखान्यात फिटर होते आणि आठवड्यातल्या दोन-तीन रात्री एका सात जणांच्या बँडमध्ये टेनर सॅक्सोफोन वाजवत. त्यामुळे हे जग मला नाचणाऱ्यांपेक्षा वाजवणाऱ्यांच्या बाजूने अधिक दिसले.

त्या काळाविषयी जे लिहिले जाते त्यात जो लॉस, टेड हीथ, व्हिक्टर सिल्व्हेस्टर या नामांकित बँडप्रमुखांचीच नावे पुन्हा पुन्हा येतात. ही मंडळी मोठी होतीच. पण रेडिओवर त्यांना ऐकणारी बहुतेक माणसे शनिवारी रात्री ज्यांच्या वाजवण्यावर नाचत, ते वादक फिटर, कारकून, शिक्षक किंवा दुकानदार असत. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनीचे वडील जिम हे लिव्हरपूलच्या एका कापूस पेढीत विक्रेते होते आणि १९२०च्या दशकात स्वतःचा बँड चालवत असत. मी कापसाच्याच धंद्यातला असल्यामुळे हा तपशील माझ्या विशेष लक्षात राहिला आहे. आमच्या घरमालकांच्या बँडमध्ये पियानोवर एका प्राथमिक शाळेतल्या बाई होत्या, आणि नवा कागद समोर आला की तो पहिल्याच झटक्यात बिनचूक वाजवणारे त्या सातांत त्या एकट्याच, असे घरमालक स्वतः सांगत.

हे वादक कानाने नव्हे, कागदावरून वाजवत. संगीत प्रकाशक लोकप्रिय गाण्यांची छापील स्वरलिपी विकत, आणि ती बारा-तेरा वाद्यांसाठी लिहिलेली असली तरी बँड लहान असेल हे गृहीत धरून, गैरहजर वाद्याचे महत्त्वाचे स्वर दुसऱ्या वाद्याच्या कागदावर बारीक टाइपात छापलेले असत. आमच्या बँडला ट्रॉम्बोन हे पितळी वाद्य नव्हते; त्याची जागा आली की टेनर सॅक्सोफोन ते बारीक स्वर उचलत असे आणि ऐकणाऱ्याला काही उणे भासत नसे. प्रत्येक गाण्याला क्रमांक दिलेला असे, बँडप्रमुख हळूच आकडा सांगे, आणि पुढच्या काही क्षणांत सातही जण आपापल्या गठ्ठ्यातून तो कागद काढून स्टँडवर ठेवीत. ढोलाची कातडी ओलसर हवेत सैल पडू नये म्हणून मोठ्या ड्रमच्या आत विजेचा दिवा लावलेला असे. आपल्याकडे डफ शेकतात त्यातलाच हा प्रकार. चर्चच्या सभागृहांतले पियानो मात्र सगळ्यांचा छळ मांडत, कारण ते इतके उतरलेले असत की सॅक्सोफोनवाल्यांना तोंडात धरायचा भाग (माउथपीस) पार टोकापर्यंत बाहेर ओढून आपला स्वर खाली आणावा लागे.

हिंदुस्थानी संगीत ऐकत वाढलेल्या माझ्या कानाला सर्वांत चमत्कारिक वाटली ती लय. मैफलीत लय वाढत जाते आणि त्यातच रंगत असते. इथे फॉक्सट्रॉट हा संथ नाच मिनिटाला सुमारे तीस बारांचा (बार म्हणजे ठोक्यांचा ठरलेला गट) आणि क्विकस्टेप हा जलद नाच सुमारे पन्नास बारांचा ठरलेला, आणि पहिल्यापासून शेवटच्या बारापर्यंत त्यात केसभरही फरक पडता कामा नये. याचे श्रेय किंवा दोष व्हिक्टर सिल्व्हेस्टर यांच्याकडे जातो. ते १९२२ साली बॉलरूम नृत्याचे विश्वविजेते झाले होते, आणि नाचण्यायोग्य लयीतल्या ध्वनिमुद्रिका मिळत नाहीत म्हणून त्यांनी १९३५ साली स्वतःचाच वाद्यवृंद उभारला. युद्धकाळात त्यांनी बीबीसीच्या रेडिओवरून नृत्याचे पाठ दिले आणि १९४८पासून तेच दूरचित्रवाणीवर आणले, त्यामुळे अगदी लहान गावातल्या गिरणीकामगारालाही आपले पाऊल कुठल्या ठोक्यावर पडले पाहिजे हे नेमके माहीत असे. जॅझच्या प्रेमात पडलेल्या वादकांना या शिस्तीचा जाच होई. आमच्या घरमालकांची हौस मात्र मध्यंतरानंतर मिळणाऱ्या सोळा बारांच्या एकल वादनात भागत असे. तेवढ्यात जे काही सांगायचे ते सांगून ते पुन्हा ओळीत येत. मला ही शिस्त कलेला मारक कधीच वाटली नाही. समोरचे दोनशे लोक ऐकायला आलेलेच नाहीत, हे मनापासून मान्य करून नीटनेटके वाजवणे हेही एक कसब आहे.

जागा तऱ्हेतऱ्हेच्या होत्या. मँचेस्टरमध्ये १९२७ साली उघडलेले रिट्झ हे खरे बॉलरूम. तिथली फरशी स्प्रिंगांवर बसवलेली होती आणि फिल मॉस यांचा बँड तिथे कायमचा होता. पण स्थानिक बँडचे पोट भरे ते सहकारी भांडारांच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहांत, चर्चच्या हॉलमध्ये आणि चक्क पोहण्याच्या तलावांवर! हिवाळ्यात तलाव रिकामा करून त्यावर फळ्यांची जमीन घालत आणि तिच्यावर नाच चाले. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया बाथ्समध्येही ही पद्धत होती. पाय नीट सरकावेत म्हणून लाकडावर शंखजिऱ्याची पूड भुरभुरलेली असे, आणि रात्र संपेपर्यंत सगळ्या पुरुषांच्या काळ्या विजारी घोट्यापर्यंत पांढऱ्या झालेल्या असत. पुष्कळ ठिकाणी दारूचा परवाना नसे. मध्यंतरात चहा, संत्र्याचे सरबत आणि बटाट्याचे सारण भरून भाजलेला ‘पाय’ नावाचा पदार्थ मिळे, आणि ज्यांना बिअर हवी ते बाहेर जाऊन परत येत.

सुरुवात बहुधा क्विकस्टेपने होई, मग वॉल्ट्झ, मग फॉक्सट्रॉट. मुली एका भिंतीशी आणि मुलगे दुसऱ्या भिंतीशी, आणि मधली ती रिकामी जमीन ओलांडून नाचाची विनंती करायला जाणे हे बुजऱ्या माणसाचे खरे संकट होते. पुष्कळ मुली तोवर एकमेकींबरोबरच नाचत, आणि खरे सांगायचे तर मुलांपेक्षा चांगले नाचत. जुन्या पद्धतीच्या बार्न डान्समध्ये ठराविक बारांनंतर जोडीदार आपोआप बदलत असे, म्हणून माझ्यासारख्याला तोच नाच सोयीचा. रविवारी पैसे घेऊन सार्वजनिक नाच भरवायला १७८०च्या कायद्याने मनाई होती, त्यामुळे शनिवारचा शेवटचा वॉल्ट्झ बारा वाजण्याच्या आत उरकून राष्ट्रगीत वाजे आणि मग शेवटच्या बससाठी धावपळ सुरू होई.

एक गोष्ट मात्र या गोड आठवणींत सहसा सांगितली जात नाही. एका मोठ्या बॉलरूमच्या दारावर मला आणि माझ्या बंगाली मित्राला ‘आज फक्त सभासदांना प्रवेश’ असे सांगण्यात आले, आणि आमच्या मागचे गोरे तरुण काही न दाखवता आत गेले. हे केवळ आमचेच दुर्दैव नव्हते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या स्काला बॉलरूममध्ये गोरेतर वादक व्यासपीठावर चालत, पण नाचायला येणाऱ्या गोरेतरांना प्रवेश नव्हता. वादकांच्या संघटनेने आपल्या सभासदांना तिथे वाजवायला मनाई केली, मालक न्यायालयात गेले, आणि १९५८ साली अपील न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. कायद्याने असा भेदभाव बंद झाला तो १९६५ साली. चर्चच्या हॉलमध्ये मला कुणी कधी अडवले नाही, हेही नोंदवले पाहिजे. अर्थात मी बँडबरोबर आलेला असे, त्याचाही हात असेल.

या बँडच्या ऱ्हासाचे खापर बीटल्सच्या माथी फोडण्याची पद्धत आहे. मला ते अर्धेच पटते. चार मुले आणि त्यांचे ॲम्प्लिफायर सात वादकांपेक्षा स्वस्त पडत हे खरे, आणि ट्विस्ट या नव्या नाचाला जोडीदाराचा हात धरावा लागत नसे हेही खरे; पण १९६०च्या कायद्याने बिंगो या आकड्यांच्या खेळाच्या धंद्याला वाट मोकळी करून दिल्यावर नाचघरे चालवणाऱ्या मेक्कासारख्या कंपन्यांनी स्वतःच कितीतरी नाचघरांत टेबलखुर्च्या मांडल्या. तिथे वादकाची गरजच उरली नाही. आमचे घरमालक पुढे कामगारांच्या क्लबात, ऑर्गन आणि ड्रमच्या जोडीला, पाहुण्या गायकांना साथ करू लागले, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. रिट्झची इमारत आहे, पण तिथे आता मैफली होतात. जुने रूप पाहायचे असेल तर ब्लॅकपूल या समुद्रकाठच्या गावातल्या टॉवर बॉलरूमला जावे. १९५६च्या डिसेंबरात तिथे आग लागली होती आणि दुरुस्तीनंतर १९५८ साली ते पुन्हा उघडले. गिरण्यांच्या सुट्टीच्या आठवड्यात अख्खे गाव तिथे लोटत असे. रेजिनाल्ड डिक्सन यांनी १९३०पासून १९७०पर्यंत तिथे वुर्लिट्झर ऑर्गन गाजवला, आणि वुर्लिट्झरवर तिथे आजही दुपारी नाच चालतो. मात्र तो ऑर्गन आहे, बँड नव्हे. कागदावरच्या बारीक टाइपातून ट्रॉम्बोनची जागा भरून काढणारा सात जणांचा बँड ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये.