शंभर वर्षांपूर्वीचे मूक विनोदी सिनेमे आजही खरंच हसवतात का?

तुम्ही लिहिलंय की सगळे एवढं कौतुक करतात म्हणून चॅप्लिनचे चार-दोन तुकडे मोबाइलवर बघितले, पण हसू काही आलं नाही. मग हे सिनेमे लोकांना आजही खरंच आवडतात, की जाणकार म्हणवून घ्यायला तसं सांगतात, असा तुमचा प्रश्न आहे.

तसले लोक थोडे आहेतच. पण मला हे सिनेमे मनापासून आवडतात, आणि तुम्हाला हसू का आलं नसेल याचा अंदाजही आहे. तुम्ही तुकडे बघितलेत.

लहानपणी मीही तुकडेच बघायचो. टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मधे कधीतरी चॅप्लिन तुरुतुरु पळून जायचा. मला वाटायचं, तेव्हाची माणसं चालायचीच तशी. खरी गोष्ट अशी की त्या काळी कॅमेरा हाताने फिरवायचे आणि सेकंदाला बहुधा 16 ते 20 चित्रं टिपली जायची. बोलपट आल्यावर आवाजासाठी 24 चा वेग कायम झाला. आता 16 ने टिपलेली फिल्म 24 ने चालवली की तासाभराचा सिनेमा 40 मिनिटांत उरकतो. कधीकधी ही मंडळी धावपळ वाढवायला कॅमेरा मुद्दाम सावकाश फिरवायला लावत, पण ते मोजूनमापून केलेलं असे. वर आपण आणखी घाई केली की विनोदाला श्वासच उरत नाही. माणूस पडायच्या आधी क्षणभर थांबतो ना, हसू त्या थांबण्यात असतं. नेमकं तेच गायब होतं.

आईचं सांगतो. तिला हल्ली फार कमी ऐकू येतं. कानाचं मशीन घेऊन दिलंय, ते कपाटात असतं. मालिका बघताना दर दोन मिनिटांनी "काय म्हणाली गं ती?" चालू असायचं, शेवटी तिने टीव्हीसमोर बसणंच सोडलं. एका संध्याकाळी मी चॅप्लिनच्याच काळातल्या बस्टर कीटन या विनोदी नटाचा 1928 चा 'स्टीमबोट बिल ज्युनियर' लावला. मधल्या इंग्रजी पाट्या मी तिच्या कानाशी ओरडून वाचत होतो. थोड्या वेळाने तिने हातानेच 'राहू दे' म्हणून सांगितलं.

सिनेमाच्या शेवटाकडे वादळ येतं. गावातली घरं उडतायत, आणि कीटन एका दुमजली घराकडे पाठ करून रस्त्यात उभा आहे. घराची पुढची अख्खी भिंत सुटते आणि सरळ त्याच्या अंगावर येते. वरच्या मजल्यावरची एक खिडकी उघडी असते, तेवढी बरोबर त्याच्यावरून जाते. भिंत जमिनीवर आपटते, धूळ उडते, आणि हा जिथल्या तिथे उभा. हे सगळं एकाच शॉटमध्ये. माणूस, भिंत, खिडकी, सगळं एकदम दिसतं, त्यामुळे फसवायला जागाच नाही. भिंत खरी होती, वाऱ्याने पिळवटू नये म्हणून मुद्दाम जड केलेली. खिडकीच्या चौकटीत आणि त्याच्या अंगात काही इंचांचंच अंतर होतं. उभं राहायची जागा चुकली असती तर सिनेमाही संपला असता आणि तोही.

आई "अगंबाई!" म्हणून ओरडली, मग हसायला लागली, आणि मग तिने विचारलं, "ह्याच्या आईने बघितलं का रे हे?"

आता गंमत अशी की त्याच्या आईने याहून बरंच काही बघितलं होतं. कीटनचे आईवडील दोघंही रंगमंचावर खेळ करायचे आणि अगदी लहान असल्यापासून पोरगाही त्यांच्या खेळात होता. बाप त्याला उचलून पडद्यांवर, कधी पार स्टेजच्या खाली फेकायचा. पकडायला सोपं जावं म्हणून पोराच्या कपड्यांना पाठीवर बॅगेची मूठ शिवलेली असायची! पडल्यावर आपण हसलो तर लोक कमी हसतात आणि चेहरा कोरा ठेवला तर जास्त हसतात, हे त्याला तिथेच कळलं. पुढे आयुष्यभर पडद्यावर तो ठोकळ्यासारखा चेहरा घेऊन वावरला.

आपल्याला हे चटकन रुचत नाही, याचं एक कारण मला वाटतं आपला विनोद मुळात बोलका आहे. कोटी, टोमणा, शाब्दिक फिरकी. तमाशातला सोंगाड्यासुद्धा बतावणीवर जगतो. त्यामुळे मूकपट लावला की आपण कान टवकारून बसतो आणि कोणीच काही बोलत नाही. डोळ्यांनी विनोद बघायची सवय लागायला एक अख्खा सिनेमा जावा लागतो. (तेव्हाही थिएटरात शांतता नसायचीच म्हणा. तिकडे पियानो किंवा वाद्यवृंद असे, आपल्याकडे पेटी-तबला.)

सगळंच खरं होतं, असं मात्र नाही. त्याच काळातला आणखी एक विनोदी नट, हॅरॉल्ड लॉइड, घड्याळाच्या काट्याला लोंबकळतोय, ते चित्र तुम्ही पाहिलं असेलच. ते 'सेफ्टी लास्ट' मधलं, 1923 चं. भिंतीचा तो तुकडा एका खऱ्या इमारतीच्या गच्चीवर कडेला उभारला होता, खाली गाद्या टाकल्या होत्या, आणि कॅमेरा असा लावला होता की गच्ची न दिसता थेट खोल रस्ताच दिसावा. लांबून दिसणारं चढणं तर दुसऱ्याच माणसाचं. हे कळल्यावर माझा थोडा हिरमोड झाला. मग कळलं की 1919 मध्ये फोटो काढताना खोटा समजून हातात धरलेला बॉम्ब फुटला आणि लॉइडच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट गेलं होतं. त्या घड्याळाला तो तसल्या हाताने, हातमोजा घालून लटकलाय. हिरमोड मागे घेतला.

चॅप्लिन मला कीटनएवढा आवडत नाही. तो मधेच रडवायला बसतो. पण 1925 च्या 'द गोल्ड रश' मध्ये उपाशी चॅप्लिन बूट शिजवून खातो, तो प्रसंग तुकड्यात न बघता सुरुवातीपासून बघा. आधी बर्फ, ती झोपडी, ती भूक नीट दिसली पाहिजे. मग तो बूट ताटात घेतो, नाड्या काट्याला शेवयांसारख्या गुंडाळतो, आणि आपण बांगड्याचा काटा चोखून ताटाच्या कडेला ठेवतो तसा एकेक खिळा चोखून ठेवतो. चित्रीकरणातला बूट लिकरिसचा, म्हणजे आपल्या ज्येष्ठमधापासून करतात त्या काळ्या मिठाईचा होता. भूक खोटी नाही आणि जेवायची ऐट पण खोटी नाही, म्हणून हसू येतं.

जुनं झालेलंही बरंच आहे. गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून काळ्या माणसांची टिंगल करायची, असले प्रसंग कीटनच्याही सिनेमांत आहेत आणि ते आज बघवत नाहीत. सुरुवातीच्या लघुपटांमध्ये तर नुसतीच मारामारी आणि पळापळ. मला त्यांचा सरळ कंटाळा येतो. सगळंच आवडलं पाहिजे, अशी काही सक्ती नाही.

सुरुवात कीटनच्या 'वन वीक' पासून करा. 1920 चा सिनेमा आहे, जेमतेम 20-25 मिनिटांचा. नव्या जोडप्याला लग्नात सुट्या भागांचं घर आहेर म्हणून मिळतं आणि जळफळणारा एक जण खोक्यांवरचे आकडे बदलून ठेवतो. 1920 च्या दशकातले असे बरेच सिनेमे आता स्वामित्वहक्कातून मोकळे झालेत, त्यामुळे चोरी न करता फुकट मिळतात. फक्त नीट वेगाची, साफ केलेली प्रत शोधा. माणसं मुंग्यांसारखी पळत असतील तर बंद करून दुसरी लावा. मोबाइलवर नको, टीव्हीवर लावा आणि घरातलं लहान किंवा म्हातारं कोणीतरी शेजारी बसवा. आणि शेवटी आगगाडी येते, ती गेली असं वाटून पाणी प्यायला उठू नका.