"गोयी बंद करू का, ताई?"

"मना पोर्‍या फुगी गया, ताई. गोयी बंद करू का?" मुलगा फुगला, गोळी बंद करू का, असं कधी अमळनेरची आई विचारते, कधी चोपड्याची, कधी शिरपूरची. गाव बदलतं, प्रश्न तोच राहतो. स्किझोफ्रेनियाचं औषध सुरू झालं की कानातले आवाज विरतात, मुलगा चारचौघांत बसू लागतो, घराला जरा हायसं वाटतं. चार-पाच महिन्यांत त्याच मुलाला जुनी पँट बसेनाशी होते. मग नातेवाईक सांगतात, "गोळ्यांनीच वाट लावली." इतक्यांदा हे ऐकलं की लिहावंसंच वाटलं. खालची हकिगत एका घराची नाही, बऱ्याच घरांची मिळून केलेली आहे.

मुलगा चोवीस वर्षांचा. घरी कापूस आणि थोडी केळी. वडील हंगामात गावचा कापूस मोजून घेतात. रात्री ओलान्झापिन 15 मिलिग्रॅम चालू. सुरुवातीला वजन 58 किलो होतं, पाच महिन्यांनी 71. उपाशीपोटीची साखर 112, म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 240, तीही जास्तच.

पहिल्या भेटीत आईच बोलत होती, मुलगा फरशीकडे बघत होता. "रात्री दोनला उठून डबे उघडतो. हावरा झालाय नुसता."

मी विचारलं, "मावशी, गोळी रोज पूर्ण देता ना?"

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अर्धी करते. तीन आठवडे झाले."

"आणि झोप?"

"चार दिवस झाले, रात्रभर ओट्यावर बसून राहतो."

ही चूक मी फार घरांत पाहिली आहे, आणि ती मायेपोटी होते, म्हणून रागावून उपयोग नसतो. गोळी अर्धी केली म्हणून वाढलेलं वजन उतरत नाही. झोप मात्र आधी मोडते आणि तिच्या मागून आजार परत येतो. त्याच दिवशी त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांना फोन लावला, त्यांच्या सांगण्याप्रमाणे डोस पूर्ववत झाला.

दुसऱ्या भेटीत मी आईला थोडं थांबायला सांगितलं आणि मुलाला विचारलं, "जेवून उठल्यावर पोट कसं वाटतं?"

त्याने बराच विचार केला. "पोट तट्ट असतं. पण डोक्याला कळतच नाही जेवलो म्हणून."

त्या एका वाक्यात सगळं आलं. मेंदूत 'आता पुरे' सांगणारी जी व्यवस्था आहे, तिच्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचा हात असतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं नेमके तेच निरोप अडवतात, म्हणून भूक शमत नाही. शिवाय इन्सुलिनचं काम मंदावतं, रक्तातली चरबी वाढते. खाणं फारसं वाढलेलं नसलं तरी हे होऊ शकतं. मी एवढं सांगितलं आणि आईने मुलाकडे वळून पाहिलं. "म्हणजे याचा दोष नाही का काही?"

"नाही, मावशी. भूक औषधाची आहे."

त्या रडल्या. मुलाने पहिल्यांदा मान वर केली. त्यानंतर त्या घरात 'हावरा' हा शब्द कुणी वापरला नाही, आणि माझ्या मते अर्धा उपचार तिथेच झाला. ज्याला रोज ताटावर टोमणे मिळतात, तो चोरून खातो. माझा भर म्हणूनच नेहमी एकट्या रुग्णावर नसतो, सगळ्या घरावर असतो. स्वयंपाकघर बदललं तरच ताट बदलतं.

पुढचा प्रश्न मोजण्याचा. काटा आणायला सांगणार, एवढ्यात मुलगाच म्हणाला, "घरी कापसाचा काटा आहे. पण ओला कापूस जास्त भरतो, तसं माझंही होईल. दर वेळी सारखंच पाहिजे." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. ठरलं ते असं: दर सोमवारी सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच हलक्या कपड्यांत. आकडा वहीत तो स्वतः लिहिणार, कुणी मोठ्याने वाचायचा नाही. महिन्यातून एकदा टेपने कंबर: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून, टेप न आवळता. आपल्याकडे पुरुषाची 90 आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हायचं.

खरं तर ही वही गोळी सुरू होते त्या दिवशीच सुरू व्हायला हवी, कारण वजन सर्वांत वेगाने वाढतं ते पहिल्या काही आठवड्यांत. मूळ वजनाच्या पाच टक्के वाढ हा इशारा धरतात. या मुलाच्या बाबतीत तो तीन किलोलाच मिळाला असता, तेरा किलोपर्यंत थांबावं लागलं नसतं. साखर, चरबी आणि रक्तदाब औषधाच्या सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि मग निदान वर्षातून एकदा तपासायचे. गावाहून सकाळची एसटी धरून येणारे वाटेत चहा-बिस्किट घेतात आणि उपाशीपोटीची तपासणी फुकट जाते. तसं झालं असेल तर लपवू नका, सांगा. एचबीए1सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी खाल्ल्यानंतरही होते.

खाण्यात आम्ही तीनच गोष्टी धरल्या. पहिली चहा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या वर. वर्षाची पंधरा किलोच्या आसपास होते. आधी एक चमचा, तीन आठवड्यांनी अर्धा. औषधाने तोंड कोरडं पडतं म्हणून मुलं थंड पेयाच्या बाटल्या पितात. त्याऐवजी पाणी, पातळ ताक. दुसरी रात्रीची भूक. जेवण साडेसातला, आधी वाटीभर डाळ आणि भाजी, मग कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) दीड भाकरी; गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी. शेव, फरसाण, केळीचे वेफर्स घरात आणायचेच नाहीत, कारण रात्री दोनला कुणाचाही निश्चय टिकत नाही. हाताशी फुटाणे आणि काकडी ठेवायची. केळीच्या मुलखात केळं बंद करा असं मी सांगत नाही. दिवसाला एक पुरे. तिसरी चालणं, आठवड्याला दीडशे मिनिटं. रात्रीच्या गोळीने सकाळी सुस्ती असते, म्हणून संध्याकाळ. आपल्या वैशाखात दुपारी मुळीच नको: ही औषधं शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी करतात, ऊन लवकर लागतं.

एवढं करूनही सगळ्यांचं वजन उतरत नाही, हे स्पष्ट सांगते. तेव्हा वही घेऊन डॉक्टरांकडे जायचं. "फार जाड झालाय" या तक्रारीपेक्षा आठवड्यागणिक लिहिलेले आकडे जास्त काम करतात. डॉक्टर मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडू शकतात. ते जेवणासोबत घ्यायचं, सुरुवातीला पोट बिघडतं पण बहुधा निवळतं. किंवा अरिपिप्राझोलसारखं वजन कमी वाढवणारं औषध देतात. हा बदल काही आठवडे हळूहळू होतो. त्या काळात झोपेवर डोळा ठेवायचा, आणि एका जागी बसवेनासं झालं तर लगेच कळवायचं. क्लोझापिन मात्र दुसऱ्या औषधांनी गुण आला नाही म्हणून दिलेलं असतं. ते बदलण्याचा हट्ट धरू नका. अचानक खूप तहान, सारखी लघवी आणि आपोआप उतरणारं वजन दिसलं तर साखर त्याच दिवशी तपासा. रात्री-अपरात्री विचारायला कुणी नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

या मुलाला मेटफॉर्मिन सुरू झालं. सात महिन्यांनी वजन 66, उपाशीपोटीची साखर 98. ओलान्झापिन चालूच राहिलं. चैत्र संपत आला, आखाजी म्हणजे अक्षय तृतीया जवळ आली, तेव्हा आईने विचारलं, "आखाजीला मांडे करू का नको, ताई?"

"करा की. झोक्यावर बसायला लेकी येणार, आणि त्याच्याच ताटात भाकरी वाढणार का?"

आखाजीनंतरच्या सोमवारी काटा अर्धा किलो पुढे होता. त्याने आकडा लिहिला, शेजारी 'मांडे, आमरस' असं लिहिलं आणि वही मला दाखवायला आईसोबत नाही, एकटा आला.