पहिल्यांदाच भुईमूग करताय? मग पेरणीआधी हे वाचा

भाऊ, फवारणीचं नंतर बघू, आधी बियाणं बघा. किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, चोळा, सावलीत सुकवा, मगच पेरा. उगवून आलेली रोपं माना टाकायला लागली आणि बुडाशी काळी भुकटी दिसली, की समजा मानकूज. पुढे मोठं झाड वाळलं, तर उपटून बुंधा बघा. पांढरी बुरशी आणि तिचे मोहरीएवढे दाणे दिसले तर ती खोडकूज. असली झाडं बांधावर टाकू नका, लांब नेऊन जाळा. ते दाणे मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

महिन्याभरानं पानं निरखायला लागा. पिवळ्या कडेचे तपकिरी ठिपके आणि मागाहून येणारे काळे ठिपके, दोन्ही टिक्काच. पान उलटं केल्यावर नारिंगी पुटकुळ्या, बोटाला पूड लागली, तर तांबेरा. टिक्क्यात पानं गळतात, तांबेऱ्यात वाळूनही झाडावरच राहतात. सुरुवातीलाच 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारा. निम्मी पानं गळाल्यावर मी एकदा पंप उचलला होता. काही उपयोग झाला नाही, शेंगा पोचट निघाल्या. अजून जीव हळहळतो.

आपल्या सोलापुरात ज्वारी आहेच, तिच्याशी फेरपालट करा. भुईमुगावर भुईमूग नको.

काढणीनंतर शेंगा कडक वाळवा, हलवल्यावर दाणा खुळखुळला पाहिजे. ओल राहिली तर पिवळसर हिरवी बुरशी चढते, तिचं विष यकृताला बाधतं. बुरसटलेले दाणे जनावरांनाही घालू नका.