वाचक विचारतात: बीएमडब्ल्यूच्या एफ 450 जीएस मोटरसायकलसाठी थांबू, की आहे त्यातली घेऊ?

राहायला साताऱ्यात. आठवड्यातून एकदा पुणे, सुट्टीत कास-कोयना, आणि येत्या उन्हाळ्यात लडाख. बीएमडब्ल्यूची एफ 450 जीएस नोव्हेंबर 2024 मध्ये मिलानला आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत दाखवली, तेव्हापासून थांबलोय. वर्ष सरलं, गाडी हातात नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 किंवा केटीएम 390 अ‍ॅडव्हेंचर घेऊन मोकळा होऊ का? (सातारा)

लडाख नक्की असेल तर थांबू नका. मिलान आणि दिल्लीत दिसली ती कन्सेप्ट, म्हणजे फक्त दाखवायचा नमुना होती. विक्रीसाठीची गाडी मिलानलाच नोव्हेंबर 2025 मध्ये समोर आली. बीएमडब्ल्यू आणि टीव्हीएसच्या भागीदारीत अशी वाट बघणं नवीन नाही. जी 310 आर 2015 च्या नोव्हेंबरमध्ये दाखवली, जी 310 जीएस त्याच्या पुढच्या वर्षी, आणि भारतात दोन्ही मिळाल्या जुलै 2018 मध्ये. शिवाय गाडी मिळाली म्हणजे दुसऱ्या दिवशी निघालो असं होत नाही. रनिंग-इन (सुरुवातीला नवं इंजिन जपून चालवणं), हजार किलोमीटरच्या आसपासची पहिली सर्व्हिस आणि सामानाचा रॅक, क्रॅश गार्ड, बॅशप्लेट (इंजिनखालची संरक्षक पत्रा) यांची जुळवाजुळव यात दोन-तीन महिने सहज जातात. नव्या मॉडेलचे बाहेरचे सुटे भाग बाजारात उशिराच येतात.

एफ 450 मधली खरी वेगळी गोष्ट म्हणजे 420 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन. ताकद 48 पीएस, टॉर्क (ओढ) 43 न्यूटन मीटर, वजन 178 किलो. सातारा-पुणे हायवेवर 110 ला तासभर धरलं तर सिंगल सिलिंडरमध्ये फूटपेग आणि हँडलमधून थरथर जाणवते, ट्विनमध्ये ती कमी असते. तुमचे बहुतेक किलोमीटर हायवेचे असतील तर थांबण्याला एवढं एकच सबळ कारण आहे.

हिमालयन 450 मध्ये 40 पीएस आणि 40 न्यूटन मीटर, तेही 5500 आरपीएमला. घाटात गिअर न बदलता ओढते. पण 196 किलो. वाळूत किंवा ओल्या उतारावर एकट्याने उचलायची झाली की हे वजन कळतं. केटीएम 46 पीएसची आणि साधारण 182 किलोची, उत्साही; मात्र 3000 आरपीएमच्या खाली वरच्या गिअरमध्ये झटके देते, म्हणून घाटात एक गिअर खाली ठेवूनच चालवावी लागते.

लडाखसाठी टाकीचं गणित निर्णायक ठरतं. मनाली-लेह रस्त्यावर तांदीच्या पंपावर ‘पुढचा पंप 365 किलोमीटर’ असा फलक प्रसिद्ध आहे. सामान आणि चढ धरून लिटरला 25 किलोमीटर पकडा. हिमालयनच्या 17 लिटरमध्ये 425 किलोमीटर होतात, केटीएमच्या साडेचौदामध्ये 362, बीएमडब्ल्यूच्या 14 मध्ये 350. म्हणजे शेवटच्या दोन्हींसोबत पाच लिटरचा कॅन हवाच.

आमचं मत: तुमच्या वापराला हिमालयन. तरीही थांबायचं ठरवलंत तर पहिल्या लॉटची गाडी घेऊ नका, आणि बुकिंगआधी डीलरकडून क्लच लिव्हर, गिअर लिव्हर, रेडिएटर आणि पुढच्या रिमची किंमत लेखी मागा. गाडी आडवी झाली की खर्च इथेच निघतो. बीएमडब्ल्यूच्या सर्व्हिससाठी साताऱ्याहून पुणे गाठावं लागेल, पण तुम्ही तिथे दर आठवड्याला जाताच.

उंची पाच फूट चार इंच. एफ 450 ची सीट 845 मिलिमीटर, हिमालयनची 825. पाय पोचतील का? (रत्नागिरी)

कागदावरची उंची रिकाम्या गाडीची असते. माणूस बसला की सस्पेन्शन एकूण ट्रॅव्हलच्या (चाकाच्या वर-खाली हालचालीच्या) पाव ते तीस टक्के खाली बसायला हवं. हिमालयनचा ट्रॅव्हल 200 मिलिमीटर, म्हणजे पाच-सहा सेंटिमीटर. हलक्या माणसाखाली गाडी एवढी बसत नाही. तेव्हा आधी मागचा प्रीलोड (स्प्रिंगवरचा आगाऊ ताण) कमी करून बघा. सीट पुढे रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि त्यातही उंची जाते, म्हणून बुटांसकट बसूनच ठरवा. हिमालयनला कमी उंचीची सीट मिळते, ती घातली की 805 पर्यंत येते.

लोअरिंग लिंक, म्हणजे मागचं सस्पेन्शन बदलून गाडी खाली आणणारा जोडभाग, हा शेवटचा पर्याय. मागची बाजू खाली गेली की हँडल जड लागतं, म्हणून फोर्कचे (पुढच्या सस्पेन्शनचे) पाइपही क्लॅम्पमधून वर सरकवावे लागतात. शिवाय साइड स्टँड लांब पडतो, गाडी सरळ उभी राहते आणि वाऱ्याने पडते. स्टँड कापून घेतल्याशिवाय लिंक बसवू नका.

एफ 450 च्या ट्रॉफी व्हेरियंटमध्ये इंजिनच्या वेगावर आपोआप लागणारा-सुटणारा सेंट्रिफ्यूगल क्लच आहे. पाय जेमतेम पोचणाऱ्याला चढावर तो वरदानच. पण असा क्लच इंजिन बंद असताना मोकळा असतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये टाकून उतारावर रोखता येत नाही. टेस्ट राइडला उतारावर उभी करून बघा.

ट्यूबची चाकं घेऊ की ट्यूबलेस? (नाशिक)

हिमालयनला ट्यूबलेस स्पोक चाकांचा पर्याय आहे, तो घ्या. ट्यूबचं चाक पंक्चर झालं की ते काढायलाच अर्धा तास जातो. ट्यूबचीच असतील तर 21 इंची ट्यूब जवळ ठेवा; अडीअडचणीत ती मागच्या 17 इंचीतही दुमडून चालते, उलटं चालत नाही.

350 सीसीच्या वरच्या गाड्या महागल्या म्हणतात. किती? (कोल्हापूर)

22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वर जीएसटी 40 टक्के आहे. आधी सेससकट 31 होता. म्हणजे कंपनीने मूळ किंमत तीच ठेवली तरी एक्स-शोरूम साधारण 7 टक्के चढते, आणि रोड टॅक्स त्याच किमतीवर लागत असल्याने तोही वाढतो. 350 आणि त्याखाली 18 टक्के. ऑक्टोबर 2025 मध्ये आलेली टीव्हीएसची 299 सीसीची अपाचे आरटीएक्स 300 याच 18 टक्क्यांत बसते: 36 पीएस, 19 इंची पुढचं चाक, आली तेव्हा सुरुवात 1.99 लाखांपासून होती. टाकी मात्र साडेबारा लिटरचीच. कोकण आणि सह्याद्रीपुरतं फिरणार असाल तर आधी हिचीच टेस्ट राइड घ्या.