प्लॉटिंगचे काम हाती घेताना

चि.,

अनेक आशीर्वाद. वकिलीत जमिनीच्या कामात, त्यातही प्लॉटिंगमध्ये (जमिनीचे प्लॉट पाडून विकण्याच्या व्यवहारांत), राहण्याचा तुझा निश्चय कळला. या कामात कोर्टात उभे राहण्याचे प्रसंग कमी आणि दुय्यम निबंधक, तलाठी, भूमी अभिलेख यांच्याकडच्या फेऱ्या जास्त, हे तू मान्य केलेले दिसते.

मालकीचा शोध तुला जमेल. तीस वर्षांचा सर्च (जुन्या नोंदणीकृत दस्तांचा शोध), मूळ फेरफार (मालकी बदलाच्या महसुली नोंदी), बहिणींची हक्कसोडपत्रे (हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क गृहीत धरूनच फाईल वाचावी), कुळाची किंवा वतनाची (पूर्वी सेवेबद्दल दिलेल्या जमिनीची) नोंद, आणि सातबारा हा महसुली उतारा असून मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे हे भान, एवढी शिस्त वर्षभरात अंगवळणी पडते.

खरी मेख पुढे आहे. संपूर्ण गटाची (एका क्रमांकाखालच्या जमिनीची) मालकी निर्वेध, म्हणजे वादाविना व बोजाविना, असूनही त्यातून विकला जाणारा प्लॉट कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो, अशी प्रकरणे वाघोलीपासून मुळशीपर्यंत तुझ्याकडे येतील. ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान तुकड्यांची विक्री रोखणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतजमिनीतले एक-दोन गुंठे सहसा स्वतंत्रपणे विकता येत नाहीत, म्हणून दहा अनोळखी माणसे मिळून अकरा गुंठ्यांचे एक खरेदीखत करतात, सातबाऱ्यावर सर्वांची नावे सामाईक लागतात आणि एजंटने आखलेल्या नकाशावरून प्रत्येकजण आपापले कुंपण घालतो. त्या नकाशावर कोणत्याही अधिकाऱ्याची सही नसते. खरेदीदाराला मिळालेला असतो तो केवळ अविभक्त हिस्सा, चतुःसीमा असलेला प्लॉट नव्हे. शिवाय तो शेतकरी नसेल, तर कूळकायद्याच्या कलम 63 चा (बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकण्यास मनाईचा) अडसर वेगळाच. तुकडेबंदीच्या तरतुदी वेळोवेळी बदलल्या आहेत. म्हणून दस्ताच्या तारखेला कोणती तरतूद लागू होती आणि नंतरच्या बदलाने तो दस्त वैध ठरतो का, हे दोन्ही तपासावे.

म्हणून अशिलाकडे प्रथम मंजूर रेखांकन (प्लॉट, रस्ते दाखवणारा अधिकृत नकाशा) माग. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत ते त्यांच्याच मंजुरीचे हवे. प्लॉटचा क्रमांक, अंतर्गत रस्ते आणि खुली जागा रेखांकनाशी, अकृषिक (बिगरशेती वापराच्या) कागदांशी आणि मोजणीच्या नकाशाशी जुळवून पाहा. सर्वांत अधिक वेळ रस्त्याला दे. रेखांकनातला नऊ मीटरचा रस्ता जागेवर शेजारच्या गटाच्या बांधाशी संपत असेल आणि पलीकडच्या मालकाने तोंडी संमतीवर वाट दिलेली असेल, तर त्याच्या मुलांनी गेट लावल्यावर तुझा अशील थेट वहिवाटीच्या (वाट वापरण्याच्या हक्काच्या) दाव्यात जाऊन पडेल. वाटेचा नोंदणीकृत हक्क नसेल तर तसे अभिप्रायात (तू देणार असलेल्या लेखी कायदेशीर मतात) स्पष्ट लिही. जागेवर स्वतः जा. एजंटने पाठवलेला व्हिडिओ नेमका गेटाच्या अलीकडे थांबतो.

फी बहुधा विकसकच देईल आणि त्याला ‘निर्वेध’ हा शब्द हवा असेल. तो मालकीपुरताच वापर. रेखांकन, प्रवेशरस्ता आणि महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी यांचे परिच्छेद वेगळे ठेव आणि जे कागद तुला दाखवलेच नाहीत त्यांची यादी सहीच्या वर दे, खाली नव्हे.

तुझा हितचिंतक