फ्लायव्हीलला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: स्वित्झर्लंडमधल्या जायरोबसवर, म्हणजे फिरत्या चाकात साठवलेल्या ऊर्जेवर धावणाऱ्या बसवर, मराठीत लिहिताना त्या चाकाला, फ्लायव्हीलला, 'उडतं चाक' म्हणावं, 'प्रचक्र' की 'जडचक्र'? आणि ते चाक 'चार्ज' होतं, असं लिहिलं तर चालेल का?

'उडतं चाक' नकोच. यंत्राचा वेग आवरून धरणाऱ्या फिरत्या भागालाही इंग्रजीत 'फ्लाय' म्हणतात. आकाशात उडण्याशी त्याचा संबंध नाही. 'प्रचक्र' पारिभाषिक आहे, चूक मुळीच नाही, पण तो वाचून डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

माझं मत 'जडचक्रा'ला. हाताने चालवायचं कडबाकुट्टी यंत्र आठवा. मोठं चाक पहिल्यांदा फिरवताना खांदे भरून येतात. एकदा फिरू लागलं की कडब्याची पेंढी आत सरकवली तरी अडत नाही. तेच शाळेत शिकलेलं जडत्व. बोलण्यातलं 'जड' आणि विज्ञानातलं 'जडत्व' अशी दोन्ही या एका शब्दात येतात. इव्हर्डों गावात १९५३ पासून धावलेल्या ओर्लिकॉन कंपनीच्या जायरोबसला तर तो चपखल बसतो: पोटात सुमारे दीड टनाचं पोलादी चाक, मिनिटाला ३००० फेरे.

एक शंका मलाही आली. नवी चाकं कार्बन तंतूंची, वजनाने हलकी असतात, मग 'जड' कसं? वजन दुप्पट केलं तर ऊर्जा दुप्पट होते, वेग दुप्पट केला तर चौपट. म्हणून हलकं चाक अतिवेगाने फिरवतात. पण ऊर्जा टिकते ती जडत्वामुळेच. त्यामुळे शब्द तिथेही खोटा ठरत नाही. फक्त पहिल्या उल्लेखात 'जडचक्र म्हणजे फ्लायव्हील' एवढं सांगून टाका.

'चार्ज' मात्र टाळा, आणि 'प्रभारित' (विद्युतभार दिलेलं) तर नक्कीच. थांब्यावर बसच्या छतावरचे दांडे खांबावरच्या विजेला टेकत आणि मोटर चाक फिरवी. पुढे तीच मोटर जनित्र होऊन चाकाच्या गतीतून वीज काढी. सपाट रस्त्यावर साधारण ६ किलोमीटर एवढ्यावर निघत. साठत होती ती गती, विद्युतभार नव्हे. मी असं लिहीन: 'थांब्यावर जडचक्राने पुन्हा गती घेतली आणि बस निघाली.'

'जायरोबस' हे विशेषनाम आहे, ते तसंच राहू द्या.