चॅलेंजरकडून काय मागायचं

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं लांबलचक पत्र पोचलं. डॉजची दोन दारांची नवी चार्जर आली, आता २०२३ ला बंद झालेली चॅलेंजरही परत यावी, हेमी, म्हणजे ते नावाजलेलं आठ सिलिंडरचं व्ही-एट इंजिन, घेऊनच यावी, आणि आली की पहिल्याच वर्षाची घ्यावी, असा तुझा बेत. पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या टेकडीच्या पायथ्याशी वाढलेली मुलगी मिशिगनला, अमेरिकेतल्या मोटारींच्या मुलखात, येऊन हेच मागणार, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. वेड सोड, ग्रीन कार्डाचं बघ, घराचं बघ, असं सांगणारे इथे पुष्कळ भेटतील. मी त्यांच्यातला नाही. या गाड्यांवर माझाही जीव आहे. माझं म्हणणं उलट आहे: तू मागतेस ते थोडं आहे. सातशे हॉर्सपॉवर मागणं सोपं, आणि कंपन्यांना ते देणंही आता सोपं झालंय. पहिल्या नोकरीतल्या पोरीला परवडेल आणि सोमवारी सकाळी कामावर नेता येईल अशी चॅलेंजर माग. ते अवघड आहे.

या मसल कार सुरू झाल्या त्याच मुळी तशा. १९६४ साली जनरल मोटर्सच्या घरातल्या पाँटिअ‍ॅकच्या जॉन डिलोरियन आणि त्याच्या माणसांनी मधल्या आकाराच्या टेम्पेस्टमध्ये मोठ्या गाडीचं ३८९ घन इंचांचं इंजिन बसवलं. मधल्या गाडीत एवढं मोठं इंजिन घालायचं नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. म्हणून त्यांनी ती वेगळी गाडी म्हणून न काढता जादा पैशांचा पर्याय म्हणून यादीत घातली. ती जीटीओ. मग १९६८ ला क्रायस्लरच्या प्लिमथने रोड रनर काढली. आत साधी सीट, शोभेचं काही नाही, पण ३८३ घन इंचांचं दणकट इंजिन, आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत. ती घेणारी मुलं कारखान्यात, गॅरेजात, दुकानात काम करणारी होती. मसल कार म्हणजे साध्या अंगात मोठं इंजिन, आणि तेही तरुणाच्या पगारात. यातला तिसरा भाग आज सगळे विसरतात.

चॅलेंजर या खेळात उशिरा आली, १९६९ च्या शरद ऋतूत, १९७० चं मॉडेल म्हणून. तिचा बॉनेट एवढा रुंद ठेवला होता की डॉजच्या मालक कंपनीचं, क्रायस्लरचं, सर्वांत मोठं इंजिनही आत मावावं. तुझ्या भिंतीवर जिचं चित्र आहे ती ४२६ हेमीवाली. पण तशा गाड्या बनल्या काही शेच. रस्त्यावर दिसायच्या त्या ३१८ च्या साध्या व्ही-एटच्या, आणि सहा सिलिंडरवाल्यासुद्धा. नाव हेमीने मोठं केलं, पण ते घरोघरी नेलं या साध्या गाड्यांनी. नवी चॅलेंजर येईल तेव्हा सगळे सर्वांत वरच्या मॉडेलचे आकडे वाचतील. तू सर्वांत खालचं मॉडेल आधी बघ. तिथे मन लावून काम केलेलं दिसलं, तर गाडी खरी परत आली असं समज.

आकड्यांचं एक नीट लक्षात ठेव, कारण इंजिनिअर म्हणून तुला ते माहीत असायलाच हवं. १९७० च्या हेमीची ताकद ४२५ हॉर्सपॉवर छापलेली असायची. २००८ ला चॅलेंजर परत आली तेव्हा तिच्या ६.१ लिटर हेमीचीही ४२५ च. म्हणजे अडतीस वर्षांत प्रगती शून्य? तसं नाही. जुना आकडा ग्रॉस. इंजिन टेबलावर बांधून, एअर क्लीनर नाही, गाडीचा खरा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, अशा अवस्थेत मोजलेला. १९७२ पासून अमेरिकेत नेट आकडे छापायला लागले, सगळं जोडलेलं असताना मोजलेले. त्यामुळे ७१ ते ७२ मध्ये कागदावर जी घसरण दिसते, तिच्यातला मोठा भाग मोजण्याच्या पद्धतीचा आहे. सगळी घसरण कागदी होती असं मात्र नाही. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवलं होतं, १९७० चा हवा प्रदूषणाचा कायदा आला होता, आणि विमा कंपन्यांनी तरुण पोरांच्या हप्त्यांवर असा बोजा टाकला होता की गाडीपेक्षा विमाच नकोसा व्हावा. १९७३ च्या ऑक्टोबरात तेलबंदी आली ती आधीच खंगलेल्यांवर. १९७४ ला चॅलेंजर बंद झाली. पुढे काही वर्षं ते नाव एका मित्सुबिशीवर चिकटवून विकलं. त्याबद्दल जास्त न लिहिलेलंच बरं.

आता परत येण्याबद्दल. गेल्या वीसेक वर्षांत बऱ्याच गाड्या परत आल्या, आणि त्यांतल्या दोन तुला सगळ्यात जास्त शिकवतील.

पहिली २००४ ची जीटीओ. ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो हीच तिकडून बांधून आणली आणि पाँटिअ‍ॅकचं नाक लावलं. इंजिन कॉर्व्हेटच्या घराण्यातलं, आधी ३५० हॉर्सपॉवर, २००५ पासून ४००. आतली बांधणी त्या काळच्या अमेरिकन गाड्यांच्या कितीतरी वर. जुन्या जीटीओला हिने सहज मागे टाकलं असतं. पण शेजारून गेली तरी लोक मान वळवून बघत नसत. तीन वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास विकली आणि संपली. चांगली गाडी होती, पण जिचं नाव तिला दिलं होतं तिची एक रेघही तिच्या अंगावर नव्हती.

दुसरी शेव्हरोलेची कॅमेरो, २०१६ ची. तिचं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मागच्या पिढीपेक्षा हलकी, वळणावर चॅलेंजरला दमवणारी, आणि दिसायलाही कॅमेरोच. तरी २०१९ ला अमेरिकेत चॅलेंजर साठ हजारांच्या वर गेली, कॅमेरो पन्नास हजारांच्या आत राहिली. २०२१ ला तर चॅलेंजरने फोर्डच्या मस्टँगलाही मागे टाकलं. का? कॅमेरोत एकदा बसून बघ. दारांची कडा खांद्यापर्यंत येते, खिडक्या चिरेएवढ्या, मागे काय आहे ते कळत नाही. डिकी चॅलेंजरच्या जेमतेम निम्म्याहून थोडी मोठी. चॅलेंजर मात्र मोठ्या सेडानच्या सांगाड्यावर उभी होती. तिच्या जडपणाला सगळे हसले. २००८ ची पहिली, एसआरटी-एट या सर्वांत वरच्या मॉडेलची, जवळपास एकोणीसशे किलोंची होती. पण त्याच सांगाड्यामुळे मागे माणसं बसू शकली, आठवड्याचा बाजार डिकीत मावला, बर्फाच्या दिवसांतही ती रोजच्या कामाला लागली. ट्रॅकवर जिंकणारी गाडी दुकानात हरली. तुला पुढे गाड्या बनवायच्या आहेत, म्हणून हे फार जपून ठेव.

आकाराच्या बाबतीतही नव्या चॅलेंजरने एक गोष्ट सोडून दिली, आणि ती परत यावी ही माझी स्वतःची आशा आहे. १९७० च्या हार्डटॉपला दाराच्या मागे खांब नव्हता. चारही काचा खाली केल्या की पुढच्या खांबापासून मागच्यापर्यंत सगळं मोकळं. २००८ च्या गाडीत खांब आला, काळा रंगवून काचेत लपवलेला, आणि मागच्या काचा उघडेनाशा झाल्या. छत दबण्याचे आणि बाजूने धडक बसण्याचे नियम आता फार कडक आहेत, त्यामुळे हे अवघड आहे. पण निदान मागची काच खाली जावी. हॉर्सपॉवरच्या मागे लागलेल्यांपैकी हे कुणी मागत नाही. तू माग.

आवाजाबद्दल तू इतकं मनापासून लिहिलंस की त्याला उत्तर द्यायलाच हवं. या व्ही-एटची गुरगुर मुद्दाम कुणी बसवलेली नाही. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या, रचनेमुळे एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत, दोन जवळजवळ येतात, मग खंड पडतो, आणि प्रत्येक पाइपातून तो अडखळता ठेका बाहेर येतो. काम होतंय त्याचा तो आवाज. २०२४ ला आलेल्या विजेच्या चार्जर डेटोनामध्ये हवेच्या कप्प्यांतून आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून आवाज काढलाय, डॉजच्या दणकट हेलकॅट इंजिनाइतका मोठा असल्याचं कंपनी सांगते. ते बनवणाऱ्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही, पण मला तो भिडला नाही. विजेच्या मोटरचा स्वतःचा आवाज असतो, तो ऐकू द्यावा. आणि ती गाडी अडीच टनांहून जड, सुरुवातीची किंमत साठ हजार डॉलरला टेकलेली. माझा खरा आक्षेप तिथे आहे, विजेवर नाही. सहा सिलिंडरची नवी ट्विन टर्बो चार्जर चालवून बघ आणि मगच मत बनव. हेमी डॉजचं भावंड असलेल्या रॅमच्या पिकअपमध्ये परत आलीच आहे, म्हणजे दार बंद झालेलं नाही. पण उद्या चॅलेंजर हेमीशिवाय आली आणि बाकी सगळं जमलेलं असलं, तर तोंड फिरवू नकोस.

पैशांचं स्पष्ट लिहितो. तुझी इथली क्रेडिट हिस्टरी अजून कोवळी आहे, कर्ज चढ्या व्याजानेच मिळेल. मिशिगनचा गाडीचा विमा देशातल्या सर्वांत महागांपैकी आहे. आणि नवी गाडी आली की विक्रेते छापील किमतीवर हवे तेवढे चढवतात. तोवर एक वापरलेली व्ही-सिक्स चॅलेंजर बघ, २०११ नंतरची, ३०५ हॉर्सपॉवरवाली. व्ही-सिक्स म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांना मुरडू दे. १९७० च्या ३१८ वाल्या पोरांची खरी वारस तीच.

पहिल्या वर्षाची घेण्याचा हट्ट तर सोडच. २००८ ला काय झालं ते बघ. सगळ्या गाड्या एसआरटी-एट, अडतीस हजार डॉलरच्या आसपास, सगळ्या ऑटोमॅटिक. सहा गिअरची मॅन्युअल २००९ ला आली, त्याच वर्षी ५.७ लिटर हेमीची मधली आर-टी आणि बावीस हजारांच्या आसपासची व्ही-सिक्सही आली. घाईने घेतलेल्यांना यातलं काहीच मिळालं नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांचा मेळा असतो, तिथे ये. फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत, म्हणजे त्याच नावाच्या गावापर्यंत, रस्ता जुन्या गाड्यांनी भरलेला असतो. हेमीभोवतीच्या गर्दीत उभी राहू नकोस. एखादा म्हातारा मालक साध्या ३१८ च्या शेजारी खुर्ची टाकून बसलेला दिसला तर त्याला विचार, ही तू रोज चालवायचास का, कुठे कुठे नेलीस, ब्रेक कसे लागायचे. हे लोक मनापासून सांगतात, आणि बहुतेक वेळा आत बसूही देतात. बसायला मिळालं तर मागच्या सीटवर बस.

रंगाचं विचारलं होतंस. २००८ ला फक्त केशरी, काळा आणि चंदेरी होते. प्लम क्रेझी, तो १९७० चा गडद जांभळा, यायला २०१० उजाडलं. तुला तोच घ्यायचाय हे मला पत्र वाचतानाच कळलं. तेवढ्यासाठी तरी थांब.

तुझा,
काका